गुडघेवाल्या बायकांची बॅच

माझ्या हाताखालून गेलेलं एकही मूल देशासाठी पोहलं नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. पोहण्याच्या कोचबाईचे अनुभव म्हणून कुणी पदकांच्या गोष्टी वाचायला बसलं असेल, तर त्यांनी खुशाल पान उलटावं. माझी काही पोरं जिल्ह्यापर्यंत गेली, एक-दोघं त्याच्याही पुढे. पण दहावीचं वर्ष आलं की त्यांच्या आया त्यांना पाण्यातून काढून क्लासला घालत. त्याचं मला बरीच वर्षं वाईट वाटायचं. आता मात्र आयुष्यात नेमकं कोणतं काम चांगलं झालं असं स्वतःला विचारते, तेव्हा ती पोरं डोळ्यांसमोर येतच नाहीत. येतात त्या साठीच्या पुढच्या बायका. छातीभर पाण्यात, एका हाताने काठ धरून, गुडघा वर घेत आणि सुनांबद्दल बोलत.

तलाव अंधेरीला होता, पश्चिमेला, एका ट्रस्टचा. ऐंशीच्या दशकाच्या मधली वर्षं. तेव्हा उपनगरांत तरणतलाव मोजकेच होते, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ आमच्याकडे जत्रा. दुपारी मात्र चिटपाखरू नसायचं. भर उन्हात कोण पोहायला येणार? मी शेडखाली शिट्टी गळ्यात अडकवून जांभया देत बसायची. पंपाच्या खोलीत सावंत म्हणून गृहस्थ असत. मूळचे मालवणकडचे, गिरणी सुटली तेव्हा इथे फिल्टर सांभाळायला लागलेले. ते आतून आणि मी बाहेरून, अशा आमच्या जांभया चालायच्या.

संध्याकाळी पोहायला येणाऱ्यांत हाडांचे एक डॉक्टर होते. एकदा अंग पुसता पुसता मला म्हणाले, "शैलाबाई, दुपारी पाणी रिकामं असतं ना तुमचं? माझ्या काही पेशंट बायका पाठवतो. पोहायला नका शिकवू. नुसतं चालवा त्यांना."

मला राग आला. मी एवढं प्रशिक्षण घेतलं ते म्हाताऱ्या बायकांना फिरायला न्यायला? डॉक्टर हसले आणि म्हणाले, "स्वतः चालून बघा आधी. छातीभर पाण्यात, या टोकापासून त्या टोकापर्यंत. जोरात."

दुसऱ्या दिवशी दुपारी कुणी नसताना मी चालून बघितलं. चार फेऱ्यांत माझी, रोज पोहणाऱ्या बाईची, दमछाक झाली. मग म्हटलं, यात काहीतरी आहे.

ज्यांनी कधी केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. छातीपर्यंत पाण्यात उभं राहिलं की अंगाचं बहुतेक वजन पाणीच उचलतं. गुडघ्यावर भार राहतो तो अगदी थोडा. त्यामुळे जमिनीवर जिला दोन पायऱ्या चढताना कळ येते, ती बाई पाण्यात आरामात पाय उचलते. पण पाणी वजन उचलतं तसं अडवतंही. पाय पुढे न्या, पाणी मागे रेटतं. मागे आणा, तरी रेटतं. म्हणजे दुखल्याशिवाय स्नायूंना काम मिळतं, आणि मांडीचे स्नायू धट्टेकट्टे झाले की गुडघ्याचं ओझं कमी होतं. तोल गेला तरी हाडं मोडायची भीती नाही, पडणार कुठे, पाण्यातच. उलट तोल जातोय आणि आपण सावरतोय, याचीच सवय होते. शिवाय दुपारचं पाणी उन्हाने कोमट झालेलं असतं. आखडलेल्या सांध्यांना ते फार मानवतं. ज्या वेळेला माझ्या तलावावर कुणी फिरकत नव्हतं, नेमकी तीच या बायकांच्या कामाची वेळ निघाली.

डॉक्टरांनी पाठवलेली पहिली बाई म्हणजे पेंडसेबाई. पार्ल्याच्या एका शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. पाठीला पोक नाही, आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा, आणि दोन्ही गुडघे कामातून गेलेले. त्यांनी मला आधी अर्धा तास प्रश्न विचारले. बीपी असेल तर चालेल का, जेवणानंतर किती वेळाने उतरायचं, चक्कर आली तर काय. प्रश्न सगळे बरोबर होते, म्हणून मी निमूट उत्तरं दिली. मग त्या म्हणाल्या, "ठीक आहे. आता कपड्यांचं बोला."

कपड्यांवर सगळी गाडी अडणार हे मला ठाऊकच होतं. तलावाच्या नियमात पोहण्याचा पोशाख सक्तीचा. साठीच्या बायका तो घालायच्या नाहीत, आणि साडी नेसून उतरू द्यायचं तर सुती कापडाचे धागे फिल्टरमध्ये जातात. शेवटी आमच्या गल्लीतल्या शिंप्याकडून मी टेरिलीनच्या गुडघ्याखाली जाणाऱ्या विजारी आणि वर लांब बाह्यांची झबली शिवून घेतली, सगळं गडद निळं. सगळ्याजणी एका रांगेत उभ्या राहिल्या की बालवाडीचा वर्ग वाटायचा. पण कुणाचंही अंग दिसत नव्हतं, आणि आमच्या ट्रस्टचे सेक्रेटरी कारखानीससाहेब नियमाच्या पुस्तकात बोट घालून बसायचे, त्यांचंही समाधान झालं. होळीनंतर आठ-दहा बायका जमल्या. सावंतांनी त्यांना नाव दिलं, गुडघेवाली बॅच.

त्यातच एक दिवस जानकीबाई आल्या.

जानकीबाई वेसाव्याच्या कोळीण. आयुष्यभर अंधेरीच्या बाजारात मासळी विकलेली. सांगताना ठणठणीत आवाज, चालताना मात्र पावलापावलाला भिंत धरायच्या. पाटी डोक्यावर घेऊन घरोघर फिरण्यात तरुणपण गेलं आणि पुढची सगळी वर्षं बाजारातल्या ओट्यावर, उकिडवं बसून कोयत्यावर मासे कापण्यात. दोन्हींनी मिळून गुडघ्यांची वाट लावली होती. नवरा कधीच गेला होता. मुलगा बोटीवर खलाशी. तो म्हणत होता, आये, आता घरी बस.

"घरान बसून काय करू?" त्या मला म्हणाल्या. "भिंतीकडे बगू? माजा ओटा हाय बाजारान. माज्या सासूचा व्हता, मंग माजा झाला."

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांच्या रांगेत एक रीत होती. पावसाळ्यात बोटी बंद असतात, बाजार मंद असतो, तेव्हा कुणी बसली नाही तरी चालतं. पण नारळी पुनवेला दर्याला नारळ वाहिला, बोटी गेल्या, ताजी मासळी यायला लागली की आपल्या ओट्यावर आपण बसायचं. त्या हंगामाला जी बसली नाही, तिचा ओटा शेजारणीचा. कागद नाही, सही नाही, पण कुणी मोडत नाही. जानकीबाई फाल्गुनापासून घरी होत्या. शेजारच्या ओट्यावरची चंद्राबाई आत्ताच आपल्या पाट्या अर्ध्यापर्यंत सरकवून ठेवत होती.

"चंद्री वाईट नाय," त्या म्हणाल्या, "पन तिला म्हाईत हाय, मी काय येत नाय. बाय, पुनवेपर्यंत मना उबी कर."

मी गुडघ्यांची डॉक्टर नव्हे, अशी तारीख कबूल करू शकत नाही, असं मी म्हटलं. त्या म्हणाल्या, डाक्टरनी तुज्याकडं धाडलंन, मंग तू कबूल कर. मी त्यांचं नाव वहीत लिहून घेतलं.

विजार घालायला त्यांनी साफ नकार दिला. "माजा कास्टा हाय की. तो काय साडी हाय का? चड्डीच ती." बोलणं खोटं नव्हतं. कोळणींचं लुगडं पायांमधून घट्ट मागे खोचलेलं असतं, चालायला-वाकायला त्याच्यासारखं सोयीचं काही नाही. मग शिंप्याच्या कापडातलाच एक लांब पट्टा काढला आणि त्यांनी तो आपल्या पद्धतीने आखूड कास्टा करून नेसला. मला वाटलं, चला, प्रश्न मिटला.

पायऱ्यांवरून त्या उतरायला लागल्या. गुडघाभर, मग मांडीभर पाणी. कमरेपर्यंत आल्या तेव्हा मागे खोचलेल्या कापडात अडकलेली सगळी हवा फुगून वर आली. टेरिलीन ओलं झालं की हवा सोडत नाही, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. जानकीबाईंचा मागचा भाग पाण्यावर तरंगायला लागला, पाय सुटले, आणि त्यांनी असा आवाज दिला की सावंत पंपाच्या खोलीतून पाना घेऊन धावत आले. मी उडी मारून त्यांना धरलं. पाणी त्यांच्या कमरेच्याही वर नव्हतं, पण त्या माझ्या गळ्याला इतक्या घट्ट लटकल्या की मलाच श्वास घेता येईना.

बाहेर काढल्यावर त्या काठावरच बसल्या. पेंडसेबाई त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. म्हणाल्या, "अहो, तुम्ही तर समुद्राकाठच्या. तुम्हाला पाण्याची भीती?"

"आमी बाया दर्यात जात नाय," जानकीबाई म्हणाल्या. "पुरुष जातंन. आमी काठाशी उब्या. माजा घोव दर्यात गेला तो आलाच नाय. मी पान्याला कंदी घोट्याच्या वर अंगाला लागू दिला नाय."

पेंडसेबाईंनी आपला टॉवेल त्यांच्या खांद्यांवर टाकला.  आता ही बाई परत येणार नाही, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर जानकीबाई गेटवर हजर. कास्ट्याचा मागचा खोचा त्यांनी स्वतःच सैल केला होता आणि हवा जायला फट ठेवली होती.

त्या दिवसानंतरच्या दोन महिन्यांत दिसली तेवढी माणसाची जिद्द मी पुन्हा कधी बघितली नाही. पहिल्या आठवड्यात त्या फक्त उभ्या राहायच्या. दोन्ही हातांनी काठाचा पाइप धरून, डोळे मिटून. मी शेजारी उभी राहून बोलत राहायची, काहीबाही, बाजारभाव, पापलेट कसं ओळखायचं, काहीही. त्या उत्तर द्यायच्या आणि उत्तर देताना डोळे उघडायच्या. मग एक हात सुटला. मग दोन पावलं. पेंडसेबाईंनी त्यांना आपल्या शेजारी घेतलं आणि शाळेतल्यासारखं "एक, दोन, डावा, उजवा" सुरू केलं. जानकीबाईंना डावा-उजवा पटकन कळायचं नाही, त्या म्हणायच्या, "मास्तरनी, दर्याकडचा पाय का डोंगराकडचा, ते सांग." पुढे सगळी बॅच तसंच म्हणायला लागली. आमच्या तलावापासून पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला आरे कॉलनीकडचे डोंगर, तेव्हा हिशेब पक्का होता. फक्त वळून परत येताना गोंधळ उडायचा आणि दोघीतिघी एकमेकींवर आदळायच्या.

व्यायाम साधेच होते. पुढे चालणं, उलटं चालणं, खेकड्यासारखं आडवं चालणं. काठ धरून गुडघा पोटाशी घेणं. पाण्यात खुर्ची आहे असं समजून बसणं आणि उठणं. सगळ्यात शेवटी तलावाच्या बुडालेल्या पायऱ्यांवर चढणं-उतरणं. ते मी मुद्दाम शेवटी ठेवायची, कारण वर यावं तसं पाणी कमी होतं आणि वजन हळूहळू परत अंगावर येतं. कुठल्या पायरीवर दुखायला लागतं, ते बघायचं आणि तिथून मागे फिरायचं. सुरुवातीला जानकीबाई कमरेच्या पाण्यापाशी थांबायच्या. पाऊस सुरू व्हायच्या सुमाराला त्या मांडीभर पाण्याच्या पायरीपर्यंत आल्या होत्या. इकडे पेंडसेबाई घरचा जिना भिंत न धरता चढल्या. दुसऱ्या एकीला बऱ्याच वर्षांनी देवासमोर खाली बसता आलं. ती मला सांगताना रडली. अशा वेळी पोरांच्या शर्यतीत घड्याळ थांबवून ओरडण्यापेक्षा मोठं काहीतरी आपण करतोय, असं वाटायचं आणि मी शिट्टी उगाच इकडून तिकडे करायची.

आणि मग सावंत आले, तोंड आंबट करून.

"म्याडम, ह्या बघा," त्यांनी काठाच्या टाइल्सवर बोट फिरवून मला दाखवलं. बोट पिवळसर, चिकट. "पाणी तेलकट झालाहा. फिल्टरातली वाळू आठवड्यातून एकदा धुवायची, ती आता रोज धुवूक लागता. तरी पाणी गढूळ. संध्याकाळचे लोक बोंबलतत."

फिल्टर म्हणजे वाळूने भरलेली मोठी लोखंडी टाकी. तलावाचं पाणी वरून आत जातं, कचरा वाळूत अडकतो, स्वच्छ पाणी परत येतं. वाळू भरली की पाणी उलट्या दिशेने सोडून ती धुवायची. पण तेल वाळूला चिकटून गोळे होतात, ते धुतल्याने जात नाहीत. मग सगळी वाळू बदलावी लागते, आणि तोवर तलाव बंद.

"तेल कुठून आलं?" मी विचारलं.

सावंतांनी इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मासळेचा असतला. दुसरा काय? मी तसा सायबांक बोललंय."

दुसऱ्या दिवशी कारखानीससाहेबांनी मला बोलावलं. ते वाईट गृहस्थ नव्हते, पण संध्याकाळी येणाऱ्या सभासदांना ते घाबरायचे. म्हणाले, "हे बघा, माझ्या मनात काही नाही. पण सभासद तक्रार करतायत. त्या मासळीवाल्या बाईंचं येणं थांबवा. नाहीतर पुढच्या सोमवारच्या मीटिंगमध्ये सगळी बॅचच बंद करा, असा ठराव येणार आहे."

नारळी पुनव तेव्हा जेमतेम महिन्यावर आली होती. मी म्हटलं, "साहेब, मला एक दिवस द्या."

माझी शिकवण्याची पद्धत अशी की बायका कपडे बदलून बाहेर आल्या, की मग मी शिट्टी मारायची. त्यांच्या कपड्यांच्या खोलीत मी कधी जात नसे. त्या दिवशी गेले. आतला वास दारातच कळला, कापूर आणि कसलंतरी आयुर्वेदिक तेल. बाकांवर सगळ्या बॅचच्या बायका विजारी गुडघ्यावर दुमडून बसल्या होत्या आणि एकमेकींचे गुडघे रगडत होत्या. मध्ये मोठी बाटली. पेंडसेबाई स्वतः एकीच्या गुडघ्यावर तळहात फिरवत होत्या, अगदी शास्त्रोक्त, वरून खाली.

मला बघून त्या प्रसन्न हसल्या. "या, या. आधी तेल जिरवलं ना, की पाणी जास्त लागू पडतं. आमच्या वैद्यांनी सांगितलंय. आणि आंघोळीच्या आधी तेल लावायचंच असतं."

 बरोबरच होतं त्यांचं. जन्मभर ज्या बायकांनी दिवाळीला पोरांना तेल चोळून पाटावर बसवलं, त्यांच्या लेखी तलाव म्हणजे एक मोठी आंघोळ. तेल न लावता पाण्यात उतरायचं हे त्यांना अर्धवट वाटलं असणार. आणि मी नियमांत टोपीपासून नखांपर्यंत सगळं सांगितलं होतं, तेलाचं कुणालाच सुचलं नव्हतं.

कोपऱ्यात जानकीबाई एकट्या उभ्या होत्या. अंग ओलं होतं. त्या एकट्याच शॉवरखाली उभ्या राहून आल्या होत्या.

"तुम्ही नाही लावत तेल?" मी विचारलं.

"नाय गो बाय." त्या जरा संकोचल्या. "मी घरशी साबनानी अंग घासून येतंव, लिंबू लावून. हितं आली का परत धुतंव. कुनाला वास नको यायला. मास्तरनीच्या बाजूला उबी ऱ्हातंव ना मी."

 पेंडसेबाईंचा हात त्या दुसऱ्या बाईच्या गुडघ्यावर तसाच थांबला होता. कारखानीससाहेब काय म्हणाले ते मी तेव्हा सगळ्यांसमोर सांगून टाकलं. सांगायचं नाही असं ठरवून गेले होते, पण राहवलं नाही. इतका राग आला होता.

पेंडसेबाई उठल्या. ती तेलाची बाटली त्यांनी उचलली, पायांत चपला घातल्या आणि त्या निळ्या झबल्यात, निळ्या विजारीत, संपूर्ण मैदान ओलांडून ऑफिसकडे निघाल्या. गडद विजारीतल्या निवृत्त मुख्याध्यापिका माळ्यांनी, कारकुनांनी, टेनिस खेळणाऱ्या दोघांनी पाहिल्या. मी मागे धावले.

त्यांनी बाटली कारखानीससाहेबांच्या टेबलावर ठेवली. "हे तुमच्या पाण्यातलं तेल. माझं आहे. या बाई सोडून आम्ही सगळ्या लावतो. ठरावात कुणाचं तरी नाव घालायचं असेल तर माझं घाला. सुमती पेंडसे."

साहेब उभे राहिले. "अहो बाई, बसा ना, असं काय..."

"मी गुडघे वाकवून बसायला शिकायलाच इथे येते," त्या म्हणाल्या, "पण आत्ता बसणार नाही."

मीटिंग झाली. बॅच बंद झाली नाही. वाळू बदलेपर्यंत तलाव आठवडाभर बंद राहिला, आणि तेवढे दिवस मी जानकीबाईंचा विचार करकरून झोप घालवली, कारण आठवड्याच्या खंडात गुडघे पुन्हा आखडतात. नवा नियम झाला, साबणाने अंग धुतल्याशिवाय कुणी पाण्यात उतरायचं नाही. सगळ्यांसाठी, सकाळ-संध्याकाळच्या साहेबलोकांसाठीसुद्धा. सावंत बरेच दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. मग एका दुपारी जानकीबाई आल्या तेव्हा ते पंपाच्या खोलीतून बाहेर आले, मान खाली घालून म्हणाले, "आये, माझा चुकला," आणि परत आत गेले. जानकीबाईंना कळलंच नाही काय ते. मी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मानूस बरा हाय. पन मासलीचा वास तेला एवडा नको, तं मालवनचा कसला?" पुढच्या हंगामात त्यांनी सावंतांना सुरमई पाठवली आणि सावंतांनी ती बिनतक्रार खाल्ली.

पुनवेच्या आधीच्या त्या दिवसांत पावसाने पाणी थंड पडलेलं. मी वेळ कमी केली, चालणं वाढवलं. जानकीबाई गुडघाभर पाण्याच्या पायरीपर्यंत आल्या, मग सगळ्यात वरच्या कोरड्या पायरीवर. तिथे त्या कुणाला न धरता उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हे झालं. आता बसायचं काय?"

तेवढं मात्र आम्हाला जमलं नाही. उकिडवं बसणं त्यांच्या उजव्या गुडघ्याला पुन्हा कधीच जमणार नव्हतं. डॉक्टरांनी तपासून तेच सांगितलं. पाणी स्नायू परत देतं, झिजलेलं हाड देत नाही. हे त्यांना सांगायचं काम माझ्यावर आलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग उठून, कुणाला न धरता, कपडे बदलायला गेल्या. त्या दुपारी मला माझ्या कामाबद्दल फारसं चांगलं वाटलं नाही.

पुनव झाली. चार-पाच दिवस त्या आल्या नाहीत. न राहवून मी सकाळीच बाजार गाठला. मासळीची ओळ तुडुंब. सगळ्या कोळणी आपापल्या ओट्यावर बसलेल्या, आणि मधोमध एकच बाई उभी. जानकीबाई. मुलाने सुतारशाळेतून उंच लाकडी मेज आणलं होतं, कोयता त्याच्यावर पक्का बसवला होता, आणि त्या उभ्याने पापलेट कापत होत्या. आजवर त्या बाजारात कुणी उभं राहून मासे कापले नव्हते. शेजारची चंद्राबाई तोंडाला पदर लावून हसत होती. पण तिच्या पाट्या परत तिच्या हद्दीत गेल्या होत्या.

"बाय, दुपारची येत नाय आता," जानकीबाई मला म्हणाल्या, हात चालूच. "बाजार लागला."

मी म्हटलं, पाणी सोडलं तर पाय पुन्हा जातील. त्या म्हणाल्या, सोमवारी कोन मासली खातो? गुरवारी कोन खातो? त्या दिवशी येतंव. आणि खरंच आल्या, वर्षभर, सोमवार-गुरुवार आणि चतुर्थ्या धरून. गिऱ्हाइकांच्या उपासतापासावर त्यांचे गुडघे टिकले, असं मी आजही सांगते.

पुढच्या श्रावणातली गोष्ट. श्रावणात अर्ध्या मुंबईची मासळी सुटते आणि बाजारात माशा मारायची वेळ येते. दुपारी मी शेडखाली बसले होते, पेंडसेबाई आणि बाकीच्या पाण्यात होत्या. गेटमधून जानकीबाई आत आल्या आणि त्यांच्यामागे एक बाई, भिंत धरून, पावलापावलाला थांबत. जवळ आल्यावर ओळखलं. चंद्राबाई.

"हिचे पन गेले," जानकीबाई म्हणाल्या. "चार म्हयने लपवत व्हती. ओटा जाईल म्हनून."

चंद्राबाई खाली बघत उभी होती. मी जानकीबाईंकडे बघितलं. बोटी जायला थोडेच दिवस राहिले होते, रीत त्यांनाही ठाऊक होती, मलाही. या हंगामाला चंद्राबाई बसली नसती तर तिचा ओटा जानकीबाईंचाच होता.

त्यांनी चंद्राबाईला आधी शॉवरखाली नेलं. तिला कास्टा नेसवला, मागून फट ठेवून. मग स्वतः पायऱ्या उतरून छातीभर पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या, पेंडसेबाईंच्या शेजारी. चंद्राबाई घोटाभर पाण्यात येऊन थांबली आणि रडायला लागली.

जानकीबाईंनी दोन्ही हात पुढे केले.

"ये गो चंद्रे," त्या म्हणाल्या. "पुनवेला दोगी उब्या ऱ्हाऊ."